एकाच थैलीतली दोन पत्रं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष रेव्हरंड बीमन, व्यासपीठावर बसलेले आपल्या गावचे मावळते पोस्टमास्तर श्रीयुत ऑगस्ट क्लुगे, ज्यांनी आपली शाळा या कार्यक्रमासाठी मोकळी करून दिली त्या मुख्याध्यापिका श्रीमती पर्डी, आजच्या सत्कारमूर्ती मिस ऑर्फा टिलसन, आणि भर दुपारी हातातली कामं टाकून आलेल्या विलोबी क्रॉसिंगच्या माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो,

रेव्हरंडांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. घड्याळ त्यांनी टेबलावर माझ्यासमोरच ठेवलंय, कारण ते मला ओळखतात. पण आज घाबरू नका. आज माझ्यात लांबण लावण्याची ताकद नाही. खरं सांगायचं तर मी नकोच म्हणत होतो. परवा रेव्हरंड दुकानात आले नि म्हणाले, “एझ्रा, टिलसनबाईंच्या निरोपाला तूच बोलायचंस.” मी म्हटलं, “दुसरं कोणी बघा हो, माझा घसा बसलाय.” तर म्हणाले, “तुझा घसा? गेली पंधरा वर्षं तर तो बसल्याचं गावाला आठवत नाही.”

तर, इथे येताना आपण सगळ्यांनी पोस्टाच्या दारावरचा कागद वाचला असेल. ‘कचेरी तीन ते पाच बंद. ओ. टिलसन.’ पंचवीस वर्षांत असा कागद पहिल्यांदा लागला. आमचे होबार्टसाहेब तो कागद वाचूनसुद्धा कडी ओढत होते. मी विचारलं, “अहो, वाचलंत ना?” म्हणाले, “वाचलं. पण खरं वाटेना.” आणि ज्यांच्या निरोपासाठी कचेरी बंद, त्यांनीच आत जाऊन तो कागद लिहायचा, दाराला कुलूप लावायचं, आणि पाच वाजता जाऊन ते उघडायचं. कारण पाच चाळीसच्या गाडीला थैली द्यायची आहे. आपलं गाव असं आहे बघा. माणसाला हार घालतानाही कामातून सोडत नाही.

टिलसनबाई कशा आहेत हे मी तुम्हाला सांगावं, असं नाही. पण सत्काराची रीत म्हणून एक आठवण सांगतो. मिसेस गेज आज इथे आहेत, त्या रागावणार नाहीत. त्यांचा मुलगा रेल्वेच्या कामावर पश्चिमेकडे गेला होता, त्याचं कार्ड यायचं होतं. एकदा या धापा टाकत आल्या. “बाई, कार्ड आलंय का?” “आलंय.” “येतोय का तो नाताळला?” टिलसनबाई म्हणाल्या, “मला काय ठाऊक? मी पत्त्याचीच बाजू वाचलीये.” मिसेस गेज चष्मा घरी विसरून आलेल्या. “मग आता वाचा की!” तेव्हा कुठे बाईंनी कार्ड उलटं केलं, मोठ्यानं वाचलं, आणि आत काय आहे ते दोघींना एकाच वेळी पहिल्यांदा कळलं. उघडं कार्ड, सगळ्या जगाला दिसेल असं. पण बाईंच्या टेबलावर ते चार तास पालथं पडलं होतं. हे मी का सांगतोय, ते पुढे कळेल.

आता पोस्टाच्या त्या पत्रांच्या कपाटाबद्दल बोलायला हवं. इथल्या तरुण मंडळींना वाटत असेल की सगळ्या जगात पोस्ट असंच चालतं. ओकचं ते कपाट, एकशे वीस खणांचं, प्रत्येक खणाला काच. ते आधी माझ्या वडिलांच्या दुकानात होतं. तिथेच अठराशे बाहत्तर साली टिलसनबाई मदतनीस म्हणून लागल्या. पंच्याऐंशी साली वॉशिंग्टनमध्ये सत्तेवरचा पक्ष बदलला, म्हणजे गावोगावचे पोस्टमास्तरही बदलले. आम्ही रिपब्लिकन, क्लुगे डेमोक्रॅट. झालं! सहा माणसांनी ते कपाट उचललं आणि रस्ता ओलांडून क्लुगेंच्या खोगिराच्या दुकानात नेऊन ठेवलं. एकोणनव्वदला पुन्हा बदल, कपाट पुन्हा माझ्याकडे. त्र्याण्णवला पुन्हा तिकडे. आणि आता सत्त्याण्णव. देशाचा कारभार बदलतो म्हणजे नेमकं काय होतं, हे कोणाला बघायचं असेल त्यानं आपल्या मुख्य रस्त्यावर येऊन उभं राहावं. तीस पावलं इकडे किंवा तीस पावलं तिकडे, एवढंच होतं.

आपण त्याचाही सण केला. तीन माणसं या पक्षाची, तीन त्या पक्षाची. ज्याचं पोस्ट गेलं त्याच्या बायकोनं कॉफी आणि ॲपल-पाय द्यायचा. पंच्याऐंशीला आपण घाईत ते कपाट क्लुगेंच्या भिंतीला तोंड करून उभं केलं, आणि आख्खा दिवस कोणाला आपलं पत्र मिळालं नाही. ऑगस्ट, हसू नका, दोष तुमच्या दाराचा होता. आणि दर वेळी कपाटाबरोबर एक हात काचेच्या दारावर धरून, चिखलातून घागरा सावरत टिलसनबाई चालत. खणांतली पत्रं त्या काढू देत नसत. “ज्याचं पत्र, त्याच्या खणात. खण कुठे उभाय याच्याशी त्याला काय करायचंय?” असं म्हणत. पोस्टमास्तर बदलायचा. त्याला थैलीचं कुलूपसुद्धा उघडता यायचं नाही. काम त्याच करायच्या, अहवाल त्याच लिहायच्या, सही तेवढी आम्ही करायचो. मी आणि ऑगस्ट, दोघांनी. पाटी आमची, कमिशन आमचं. ऑगस्ट मान हलवताहेत. म्हणजे मी खोटं बोलत नाही.

याच हॉलमध्ये, याच टेबलामागे उभं राहून मी सरकारी भ्रष्टाचारावर निदान चौदा भाषणं दिली असतील. सरकारी नोकऱ्यांच्या सुधारणेचं मंडळ आपल्या गावात काढलं ते मीच. अकरा सभासद आणि एक लाकडी हातोडा. नोकरी पक्षाला नाही, लायकीला मिळाली पाहिजे! परीक्षा घ्या! गुण बघा! मी टेबलावर मूठ आपटायचो आणि तुम्ही टाळ्या वाजवायचात. परीक्षेचा कायदा झालाही, पण मोठ्या शहरांतल्या मोठ्या कचेऱ्यांपुरता. आपल्यासारख्या गावांत खासदारसाहेब बोट दाखवतील तो पोस्टमास्तर. म्हणून एकोणनव्वद साली आपण ठरवलं, आपणच दाखवून देऊ. गावानं अर्ज करायचा, की मिस ऑर्फा टिलसन यांना पोस्टमास्तर नेमा. बायका या पदावर इतर गावांत होत्याच. मसुदा मी लिहिला. दोनशे बारा सह्या झाल्या. पहिली सही कोणाची होती, आठवतं? ऑगस्ट क्लुगेंची. ज्यांचं स्वतःचं पद जात होतं त्यांची.

तीन आठवड्यांनी वॉशिंग्टनचा हुकूम आला. नेमणूक एझ्रा व्हिटलॉक यांची.

आठवतंय तुम्हाला? याच हॉलमध्ये सभा झाली. सगळे संतापलेले. होबार्ट म्हणाले, “बाईमाणसाला मत नाही, मग तिची पर्वा कोण करणार? लाथ मारली आपल्या अर्जाला!” आणि मी? मी उभा राहिलो आणि म्हणालो, मी हे पद घेणार नाही. मग तुम्ही सगळ्यांनी मला विनवलं. “तुम्ही नाही घेतलं तर कोणीतरी टगा येईल. निदान आपला माणूस आहे.” मी नाही म्हटलं. तुम्ही पुन्हा विनवलं. तिसऱ्यांदा मी मान खाली घालून हो म्हटलं, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. टिलसनबाई शेगडीजवळ तिसऱ्या ओळीत बसल्या होत्या. त्या टाळ्या वाजवत नव्हत्या. मला वाटलं, बिचारीला वाईट वाटलंय. मला खरंच तसं वाटलं होतं, विश्वास ठेवा.

पाणी मिळेल का जरा? आभारी आहे, मिसेस पर्डी.

तीन आठवड्यांपूर्वी मी क्लुगेंच्या दुकानात टपाल घ्यायला गेलो. टिलसनबाईंनी लांबट पाकीट पुढे सरकवलं. “तुमचं, व्हिटलॉकसाहेब. वॉशिंग्टनचं.” मी फोडलं. नेमणूक. मी म्हटलं, “चला, मे संपला की कपाट पुन्हा आमच्याकडे. तुमची ती खिडकीजवळची खुर्ची मी माळ्यावरून काढून ठेवतो.”

“मी नाही येणार,” त्या म्हणाल्या.

मला वाटलं, थट्टा करताहेत. “का बरं? पाय दुखतात?”

“पाय ठणठणीत आहेत. रस्ता ओलांडायचा कंटाळा आला.”

“अहो, तीस पावलांचा रस्ता तो!”

तेव्हा त्यांनी शिक्का शाईच्या गादीवर ठेवला, हात पुसले, आणि अगदी हळू, म्हणजे दुकानातल्या गिऱ्हाइकाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाल्या, “एकोणनव्वद साली, अकरा एप्रिलला, वॉशिंग्टनच्या थैलीत दोन पाकिटं होती. एक गावाच्या अर्जाचं, जाड. दुसरं पातळ, खासदारांच्या नावाचं. दोन्हींवर पत्ता एकाच हातानं लिहिलेला.”

मी म्हणालो, “अक्षर... तुम्हाला खात्री आहे?”

“पंचवीस वर्षं मी इथे काय केलं असं वाटतं तुम्हाला?”

मित्रहो, ते पातळ पाकीट मी दाराच्या फटीतून टाकलं होतं, त्या जेवायला घरी गेल्या असताना. गावाचा अर्ज मी सकाळी वाजतगाजत त्यांच्या हातात दिला, आणि दुपारी हे. इतकी वर्षं मी समजत होतो की ते कोणाला ठाऊक नाही. पण पत्र काय, हवेतून वॉशिंग्टनला जातं? कोणीतरी त्यावर शिक्का मारतंच ना! सबंध गावात एकच माणूस होतं ज्याच्या हातून ते जाणारच होतं, आणि हे माझ्या डोक्यातच आलं नाही. त्यांना मी इतका गृहीत धरून चाललो होतो, की त्या तिथे असतात हेसुद्धा विसरलो. याहून जास्त शरम मला दुसऱ्या कशाची वाटत नाही.

मी त्यांना विचारलं, “मग थांबवलं का नाहीत? एक दिवस मागे ठेवलं असतंत तरी...”

“तिकीट लावलेलं होतं. पत्ता नीट होता. मी कोण थांबवणार?”

शांत राहा, होबार्टसाहेब. बसा. तुम्ही मला जे म्हणणार आहात ते मी स्वतःला तीन आठवडे म्हणतो आहे, आणि तुमच्यापेक्षा वाईट शब्दांत.

का केलं? सांगतो. पोस्ट दुकानात असलं की पत्र घ्यायला आलेला माणूस खिळे घेतो, दोरी घेतो, घासलेट घेतो. चार वर्षं माझ्या दुकानात शुकशुकाट होता आणि समोर क्लुगेंकडे घोडे बांधायला जागा नव्हती. ते रोज काचेतून बघायचं. आणि मनाची समजूत काय घातली मी? काम काय, टिलसनबाईच करणार, पाटी कोणाचीही असो. मग त्यांचं काय गेलं? सुधारणेच्या सभेचा हातोडा एका हातात धरून मी दुसऱ्या हातानं हे लिहिलं. मोठ्या शहरांतल्या पुढाऱ्यांची नावं घेऊन मी इथे ओरडायचो ना? ते निदान उघड खातात हो. मी तर तुमच्याकडून तीन वेळा आग्रह करून घेतला.

पण अजून एक आहे. पाकिटाच्या बाहेरचं टिलसनबाईंना माहीत होतं. आतलं त्यांना आजही माहीत नाही. त्या दुसऱ्याचं पत्र वाचत नाहीत, उघडं कार्डसुद्धा पालथं ठेवतात, हे मी तुम्हाला मघाशी सांगितलं. म्हणून आतलं मलाच सांगायला हवं. मी फक्त मला नेमा असं लिहिलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण दोनशे बारा सह्यांचा अर्ज त्याच टेबलावर पडणार होता. त्याचं वजन मला कमी करायचं होतं. म्हणून मी लिहिलं, “मिस टिलसन सालस आहेत, परंतु त्यांची प्रकृती नाजूक असते, आणि महिन्यातून बरेच दिवस त्यांना कामावर येणं जमत नाही.”

बाई, माझ्याकडे बघा किंवा बघू नका. मला एवढं पुरं करू द्या.

नव्वदच्या जानेवारीत तापाची साथ आली, तेव्हा आपल्यापैकी निम्मं गाव अंथरुणात होतं. मीही होतो. गुडघाभर बर्फातून या रोज आल्या. शेवटी यांनाही ताप चढला, तरी शाल गुंडाळून खणांत पत्रं लावत होत्या. मी चौथ्या दिवशी उठून दुकानात आलो, यांचे डोळे बघितले आणि म्हणालो, “घरी जा टिलसनबाई, तुमची प्रकृती नाजूक आहे.” त्या हसल्या. “नाजूक? मी?” म्हणाल्या, आणि खोकत खोकत कितीतरी वेळ हसत होत्या. मीही हसलो. तो शब्द मी कुठून आणला होता, हे त्यांना काय ठाऊक! त्यानंतर तीन वर्षं मी त्यांच्यासमोर बसून अहवालांवर सह्या केल्या, आणि त्यांनी मला रोज सकाळी ‘गुड मॉर्निंग’ म्हटलं.

मी दमलो आहे, मित्रहो. भाषणांनी दमलो, कपाटानं दमलो, माझ्याच आवाजानं दमलो.

त्या दिवशी मी काउंटरवर म्हटलं होतं, “मी आता लिहितो वॉशिंग्टनला. तुमच्यासाठी लिहितो, मला नको म्हणून कळवतो.” त्या म्हणाल्या, “माझ्यासाठी नका लिहू. मी आयोवात बहिणीकडे चाललेय, सोमवारच्या गाडीचं तिकीट काढलंय. तिच्या गावात पत्र घरी आणून देतात, आणि आणून देणारा परीक्षा देऊन लागलेला असतो. मला आता नुसतं दारात उभं राहून पत्र घ्यायचंय.” मग शिक्का उचलला आणि म्हणाल्या, “लिहायचंच असेल तर खरं लिहा. कोणासाठी, ते सोडा.”

तर मी लिहिलंय. नेमणूक मी घेत नाही. आता तुम्ही म्हणाल, यानं काय होणार? काही होणार नाही. खासदारांच्या यादीत माझ्याखालचं नाव आपल्या न्हावी कोरी स्लॅकचं आहे. कोरी, मागे दाराशी उभा आहेस ना? तू दाढी फार छान करतोस. पण तुला एकशे वीस खण लावता येत नाहीत, आणि या वेळी शिकवायला कोणी नाही. कपाट तुझ्या आरशासमोर येईल आणि चार वर्षांनी तिथून उठेल. माझ्या एका कागदानं हा देश सुधारत नाही, एवढं मला या वयात कळलंय. माझं जुनं पत्र वॉशिंग्टनमध्ये कुठल्यातरी खणात असेल, कोणी टाकून दिलं नसेल तर. त्याच्या शेजारी हे ठेवावं, एवढीच मी विनंती केली आहे, म्हणजे पुढे कधी कोणी उघडलं तर मिस टिलसन या पंचवीस वर्षांत एकही दिवस कामावर गैरहजर नव्हत्या, हे त्याला कळेल.

रेव्हरंड, दहा मिनिटं केव्हाच उलटली. तुम्ही घड्याळ उचललं नाहीत, आभारी आहे. श्रीमती पर्डींचे, कॉफी आणि ॲपल-पाय आणणाऱ्या सगळ्या घरांचे आभार. ऑगस्ट, त्या पहिल्या सहीबद्दल तुमचे आभार आठ वर्षं मानायचे राहिले होते. गावातर्फे बाईंना जी प्रवासाची चामडी बॅग द्यायची आहे, ती क्लुगेसाहेबांनी स्वतः शिवली आहे. त्यांच्याच हातून ती दिली जावी. माझ्या हातून नको.

अशा भाषणाच्या शेवटी वक्ता म्हणतो, बोलण्याच्या ओघात काही उणं-अधिक झालं असेल तर सांभाळून घ्या. मीही चौदा वेळा म्हणालोय. आज बोलण्यात काही चुकलेलं नाही. चुकलंय ते आठ वर्षांपूर्वी, जेवणाच्या सुट्टीत. त्याची माफी मी गावाकडे मागतो. टिलसनबाईंकडे मागत नाही, कारण मागितली तर त्या देतील, आणि मग ते ओझंही त्यांच्याच अंगावर पडेल.

बाई, पाचला आठ मिनिटं आहेत. तुम्ही आता कुलूप उघडायला जाल. पाच चाळीसच्या थैलीत हे एक पाकीट घाला. आधीच्या दोन्हींवर शिक्का तुमचाच होता, यावरही तुमचाच पडू दे. तिकीट लावलंय. पत्ता नीट आहे. पण शिक्का मारण्यापूर्वी एकदा, पंचवीस वर्षांत एकदाच, दुसऱ्याचं पत्र वाचा. मी पाकीट चिकटवलेलं नाही.